योको ओगावा वाचायला घेताना: पहिल्या पुस्तकापासून पुढची वाट

योको ओगावा यांची पुस्तके आकाराने लहान आहेत, त्यांतली वाक्ये साधी आहेत आणि पात्रे मोजकीच आहेत. तरीही त्यांच्याकडे पहिल्यांदा वळलेला वाचक पुष्कळदा मध्येच थबकतो, कारण कथेत काहीतरी विलक्षण घडून गेलेले असते आणि त्याबद्दल कोणीही, अगदी निवेदिकासुद्धा, आश्चर्य व्यक्त करत नाही. बेटावरून एके सकाळी पक्षी नाहीसे होतात आणि लोक नेहमीसारखे दिवसाच्या कामाला लागतात. परसात माणसाच्या पंजासारखी बोटे फुटलेली गाजरे उगवतात आणि घरमालकीण ती भाडेकरूला खायला देते. हे सगळे इतक्या हळू आवाजात सांगितलेले असते की आपल्याच वाचण्यातून काही सुटले की काय, अशी शंका येते.

मी बरीच वर्षे ओगावा वाचत आले आहे आणि ओळखीच्यांनाही त्यांची पुस्तके वाचायला देत आले आहे. कोणते पुस्तक आधी हाती पडले यावर वाचक या लेखिकेजवळ राहणार की दूर जाणार, हे मोठ्या प्रमाणात ठरते, असा माझा अनुभव आहे. म्हणून पुढे दिलेला क्रम आणि सूचना नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहेत. कोणत्याही पुस्तकाचा शेवट येथे उघड केलेला नाही.

१. आधी जमवायच्या गोष्टी

पुस्तके इंग्रजी अनुवादातून वाचायची आहेत, असे येथे गृहीत धरले आहे. स्टीफन स्नायडर यांनी ओगावांची महत्त्वाची पुस्तके जपानीतून इंग्रजीत आणली आहेत आणि त्या सर्व अनुवादांचा सूर सारखा, संयत आहे. ऑनलाइन दुकानांतून कागदी आवृत्ती मागवता येते आणि ई-पुस्तकाचा पर्यायही असतो. सगळी एकदम विकत घेऊ नयेत. पहिली दोन पुरेशी आहेत.

• ‘द हाउसकीपर अँड द प्रोफेसर’ (जपानीत २००३, इंग्रजीत २००९)
• ‘द मेमरी पोलीस’ (जपानीत १९९४, इंग्रजीत २०१९)
• ‘रिव्हेंज’, अकरा कथा (जपानीत १९९८, इंग्रजीत २०१३)
• ‘मीनाज मॅचबॉक्स’ (जपानीत २००६, इंग्रजीत २०२४)
• ‘द डायव्हिंग पूल’, तीन दीर्घकथा (इंग्रजीत २००८)
• ‘हॉटेल आयरिस’ (जपानीत १९९६, इंग्रजीत २०१०)

याशिवाय एक वही आणि पेन्सिल जवळ असू द्यावी. पहिल्या पुस्तकात ती आकडेमोडीसाठी लागेल आणि तिसऱ्यात धागे टिपण्यासाठी. आणि वेळ सलग असावा. प्रवासात दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून ओगावा वाचल्या तर कथा समजते, पण ज्या वातावरणासाठी ती वाचायची ते जमून येत नाही.

वरच्या यादीतील वर्षे नीट पाहावीत, कारण पहिली फसगत तेथेच होते. इंग्रजीत पुस्तके ज्या क्रमाने आली तो लिहिण्याचा क्रम नाही. ‘द मेमरी पोलीस’ इंग्रजीत २०१९ साली आले आणि अनेकांनी ते आजच्या पाळतीच्या काळाबद्दलचे ताजे भाष्य म्हणून वाचले. प्रत्यक्षात ते तेव्हा पंचवीस वर्षे जुने होते आणि लेखिका तिशीच्या सुरुवातीला असताना लिहिले गेले होते.

२. लेखिकेची जुजबी ओळख करून घ्या

ओगावा यांचा जन्म १९६२ साली ओकायामा येथे झाला. त्या तोक्योच्या वासेदा विद्यापीठात शिकल्या, १९८८ मध्ये त्यांचे लेखन प्रथम पुरस्कारासह प्रसिद्धीस आले आणि ‘प्रेग्नन्सी डायरी’ या दीर्घकथेला जपानमधील प्रतिष्ठेचा आकुतागावा पुरस्कार मिळाला. पुढे त्या आशिया या कोबेजवळच्या गावी राहू लागल्या. एवढी माहिती सुरुवातीला पुरते. पुण्यातील वाचकांना ओकायामा हे नाव ओळखीचे वाटेल, कारण सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे आणि ते ओकायामातील कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर रचलेले आहे.

३. ‘द हाउसकीपर अँड द प्रोफेसर’ पासून आरंभ करा

हे पुस्तक पहिले घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यात अद्भुत म्हणावे असे काहीच नाही, पण ओगावांचे सगळे मुख्य विषय त्यात आहेत: स्मृतीचा नाश, अनोळखी माणसांचे एका छपराखाली येणे, आणि जे टिकणार नाही हे ठाऊक आहे त्याची रोज नव्याने घेतलेली काळजी.

एका गणिताच्या प्राध्यापकाला १९७५ साली अपघात होतो आणि त्यानंतरची त्याची स्मृती फक्त ऐंशी मिनिटे टिकते. त्याच्याकडे घरकामाला आलेली बाई रोज सकाळी त्याच्यासाठी नव्याने अनोळखी असते. आपल्या कोटावर तो चिठ्ठ्या टाचून ठेवतो. त्यांतलीच एक त्याच्या ऐंशी मिनिटांबद्दल आहे. ओळख करून घ्यायची त्याची रीत म्हणजे संख्या विचारणे. तिच्या बुटाचे माप २४ आहे हे ऐकून तो म्हणतो, हे तर चारचे क्रमगुणित, म्हणजे ४×३×२×१. तिच्या दहा वर्षांच्या मुलाचे डोके वरून सपाट आहे म्हणून तो त्याला ‘रूट’, म्हणजे वर्गमूळ, असे नाव देतो, आणि ते नाव देण्यात इतकी माया आहे की मुलगा ते आनंदाने स्वीकारतो.

गणिताचे नाव ऐकून पुस्तक बाजूला ठेवू नये. शाळेतील भागाकार येत असला की पुरे. मात्र माझी आग्रहाची सूचना अशी की आकडे डोळ्यांखालून घालवू नयेत, वहीत करून पाहावेत. बाईची जन्मतारीख २० फेब्रुवारी, म्हणजे २२०. प्राध्यापकाला बक्षीस मिळालेल्या घड्याळावरील क्रमांक २८४. आता २२० चे स्वतः सोडून सर्व विभाजक लिहा: १, २, ४, ५, १०, ११, २०, २२, ४४, ५५, ११०. त्यांची बेरीज २८४ येते. मग २८४ चे विभाजक घ्या: १, २, ४, ७१, १४२. बेरीज २२०. गणितात अशा जोड्यांना मित्रसंख्या म्हणतात. ही बेरीज स्वतः केलेल्या वाचकाला त्या क्षणी त्या स्वयंपाकघरात काय घडले ते कळते: जिला शिक्षण पुरे करता आले नव्हते, ती स्त्री एका मोठ्या गणितज्ञाशी अशा दोरीने बांधली गेली की जी कोणाच्याही विसरण्याने तुटणार नाही. ज्याच्या हातून सगळे निसटते त्या माणसाला न बदलणाऱ्या गोष्टींचा एवढा ध्यास का आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

बेसबॉल हा दुसरा अडथळा वाटू शकतो. त्यासाठी एवढेच जाणून घ्यावे की हानशिन टायगर्स हा ओसाका-कोबे परिसराचा जिव्हाळ्याचा संघ आहे आणि युताका एनात्सु हा त्यांचा थोर गोलंदाज होता. त्याच्या पाठीवरील क्रमांक २८. या संख्येचे विभाजक १, २, ४, ७ आणि १४ मिळवले की पुन्हा २८ च येतात, म्हणून ती परिपूर्ण संख्या. कथा १९९२ मध्ये घडते आणि तोपर्यंत एनात्सु केव्हाच तो संघ सोडून गेलेला आहे, पण १९७५ मध्ये थांबलेल्या प्राध्यापकाच्या जगात तो अजून खेळतोच आहे. आई आणि मुलगा मिळून हे गुपित कसे सांभाळतात, तिकडे लक्ष ठेवावे. पुस्तकातील सर्वांत हळुवार जागा तेथे आहेत.

या कादंबरीला योमिउरी पुरस्कार मिळाला आणि जपानमधील पुस्तकविक्रेत्यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या पुरस्काराचा पहिला मानही तिचाच. ताकाशी कोइझुमी यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २००६ साली आला; तो पुस्तकानंतर पाहावा.

४. दुसरे पुस्तक: ‘द मेमरी पोलीस’

येथून खरे ओगावा-विश्व सुरू होते. एका निनावी बेटावरून एकेक वस्तू नाहीशी होत जाते. वस्तू प्रत्यक्षात उडून जात नाही. लोक सकाळी उठतात, हवेत काहीतरी बदलले आहे असे त्यांना जाणवते, आणि त्या वस्तूशी जोडलेले त्यांच्या मनातील सर्व काही पुसले गेलेले असते. मग ते स्वतःच ती वस्तू जाळतात किंवा नदीत सोडतात. गुलाब जातात, छायाचित्रे जातात, दिनदर्शिका जातात आणि त्यानंतर हिवाळा संपतच नाही. टोप्या नाहीशा झाल्यावर टोप्या बनवणारा माणूस छत्र्या बनवू लागतो. काही थोड्या लोकांची स्मृती मात्र शाबूत राहते आणि स्मृती-पोलीस त्यांना शोधून घेऊन जातात.

निवेदिका स्वतः कादंबरीकार आहे. तिच्या संपादकाला, ज्याचे नाव केवळ ‘आर’ असे दिले आहे, सारे आठवते; म्हणून ती आणि एक वृद्ध स्नेही मिळून घराच्या दोन मजल्यांमधील जागेत त्याच्यासाठी गुप्त खोली तयार करतात. या भागातील बारकावे सावकाश वाचावेत: वायुवीजन कसे केले, नरसाळी आणि रबरी नळी जोडून बोलण्याची सोय कशी केली, जेवण कोणत्या वेळी पोचवायचे. ओगावांच्या लेखनात प्रेम अशा व्यवस्थेतून दिसते. भावनेचे शब्द फारसे येत नाहीत. कोणीतरी कोणासाठी खिळा ठोकतो, पाणी भरून ठेवतो, आणि तेवढ्यातून वाचकाला सगळे कळते.

या पुस्तकात नवे वाचक तीन ठिकाणी अडकतात.

पहिली जागा ‘का’ या प्रश्नाची. वस्तू का नाहीशा होतात, पोलीस कोणाच्या आज्ञेने वागतात, बेट कोठे आहे, यांची उत्तरे पुस्तकात नाहीत आणि शेवटच्या पानापर्यंत ती मिळणार नाहीत. हे आधीच मान्य करून वाचावे. त्याऐवजी प्रत्येक वेळी हा प्रश्न विचारावा: वस्तू गेल्यानंतर लोक किती लवकर सरावले? माझ्या मते कादंबरीतील भय पोलिसांच्या बुटांच्या आवाजापेक्षा या सरावण्यात अधिक आहे.

दुसरी जागा रूपकाची. प्रत्येक वस्तूचा सांकेतिक अर्थ लावत बसलो तर पुस्तक कोरडे होते. गुलाब म्हणजे अमुक, पक्षी म्हणजे तमुक, असे तक्ते करू नयेत. निवेदिकेचे वडील पक्षितज्ज्ञ होते. पक्षी जातात तेव्हा तिच्यासाठी वडिलांपर्यंत जाणारा एक रस्ता बंद होतो. गुलाब जातात तेव्हा नदी पाकळ्यांनी भरून वाहते. हे जसे सांगितले आहे तसेच, खरे घडले असे मानून वाचावे. राजकीय अर्थ त्यात आहेच, पण तो आपण होऊन उमटतो.

तिसरी जागा कादंबरीतील कादंबरीची. निवेदिका जी गोष्ट लिहीत आहे, वाचा गमावलेल्या टंकलेखिकेची, तिचे तुकडे मध्ये मध्ये येतात. घाईत असलेले वाचक ते गाळतात. तसे करू नये. मुख्य कथा जे बोलत नाही ते हे तुकडे बोलतात, आणि दोन्ही कथा जवळ येत जातात तसतसा श्वास कोंडू लागतो.

हा अनुवाद २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अनुवादित साहित्य विभागाच्या अंतिम यादीत आणि २०२० मध्ये इंटरनॅशनल बुकर पुरस्काराच्या लघुयादीत होता.

५. सोबत अ‍ॅन फ्रँकची दैनंदिनी ठेवा

ही पायरी ऐच्छिक आहे, परंतु मी ती कोणालाही गाळू देणार नाही. ओगावांनी किशोरवयात अ‍ॅन फ्रँकची, नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची, दैनंदिनी वाचली आणि लिहिण्याची ओढ त्यांना तेथून लागली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९९० च्या दशकात त्यांनी अ‍ॅनच्या आयुष्यातील ठिकाणांचा प्रवास करून तिच्याविषयी पुस्तकही लिहिले. दैनंदिनी मराठीतही वाचायला मिळते. ती पूर्वी वाचली असेल तर गुप्त घरातील दिनक्रमाची काही पाने पुन्हा चाळावीत आणि मग ‘आर’च्या खोलीकडे परत यावे. बंदिस्त जागेत राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा भरतो, बाहेरची पावले ऐकताना काय होते, आणि कागदावर लिहिणे हे जिवंत राहण्याचे साधन कसे बनते, हे दोन्हीकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

६. ‘रिव्हेंज’ वाचताना वही उघडी ठेवा

अकरा कथांचा हा संग्रह क्रमानेच वाचायचा आहे. कथासंग्रह म्हटला की आपण मधलीच एखादी गोष्ट उघडतो. येथे तसे केल्यास पुस्तकाची रचनाच हातून जाते. पहिल्या कथेत एक स्त्री बेकरीत मुलाच्या वाढदिवसासाठी स्ट्रॉबेरीचा केक घ्यायला येते. तो मुलगा सहा वर्षांचा असताना टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये अडकून मरण पावला आहे. ही गोष्ट येथे संपत नाही. एका कथेच्या कडेला उभे असलेले माणूस पुढच्या एखाद्या कथेत मध्यभागी येते. एकीतील वस्तू दुसरीत वेगळ्या हातात दिसते. एकीत घडलेले दुसरीत कोणाच्या तरी लेखनाचा भाग म्हणून समोर येते.

म्हणून प्रत्येक कथा संपल्यावर वहीत फक्त तीन गोष्टी टिपाव्यात: कोणते खाद्यपदार्थ आले, कोणती इमारत आली, कोण मरण पावले. गाजरे, टोमॅटो, किवी, केक. बेकरी, इस्पितळ, संग्रहालय. पाचव्या-सहाव्या कथेपर्यंत नोंदी एकमेकींना स्पर्श करू लागतात. हे काम कोडे सोडवण्याच्या ईर्षेने करू नये, कारण सर्व धागे जुळत नाहीत आणि काळाचा हिशोब मुद्दाम घसरवलेला आहे.

संग्रहात क्रौर्य आहे आणि रक्तही आहे. शरीराबाहेर हृदय घेऊन जन्मलेल्या गायिकेसाठी पिशवी शिवणाऱ्या कारागिराची कथा मला या संग्रहात श्रेष्ठ वाटते. कातडे निवडणे, माप घेणे, टाके घालणे यांचे वर्णन इतके प्रेमाने येते की वाचक त्या कारागिराच्या बाजूला उभा राहतो, आणि तेथे उभे राहणे किती धोक्याचे होते हे त्याला उशिरा उमगते.

७. ‘द डायव्हिंग पूल’ आणि ‘हॉटेल आयरिस’: केव्हा, आणि कोणी थांबावे

‘द डायव्हिंग पूल’मध्ये सुरुवातीच्या काळातील तीन दीर्घकथा आहेत. त्यांत अद्भुत कमी आणि मनातील काळोख जास्त. अनाथाश्रम चालवणाऱ्या दांपत्याची मुलगी एका लहानग्या मुलीशी ज्या थंडपणे वागते ते वाचणे जड जाते. ‘प्रेग्नन्सी डायरी’ याच पुस्तकात आहे: एक बहीण गरोदर बहिणीसाठी परदेशी ग्रेपफ्रूटचा मुरंबा शिजवत राहते आणि त्या फळांवरील रसायनाबद्दल तिने वाचलेले असते. घरात गरोदर स्त्री असेल किंवा लहान बाळ असेल तर हे पुस्तक काही काळ पुढे ढकलावे, असे मी मनापासून सांगेन.

‘हॉटेल आयरिस’बद्दल अधिक स्पष्ट बोलायला हवे. समुद्रकाठच्या हॉटेलात काम करणारी सतरा वर्षांची मुलगी आणि एक वृद्ध अनुवादक यांच्यातील हिंसक लैंगिक संबंधांची ही कादंबरी आहे. ती उत्तम लिहिलेली आहे, पण पहिल्या पुस्तकाच्या मायेवर विसंबून ती कोणाला भेट देऊ नये, आणि शाळकरी वाचकांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

८. मध्ये विसावा: ‘मीनाज मॅचबॉक्स’

काळोखी पुस्तके सलग वाचू नयेत. ‘रिव्हेंज’नंतर हे पुस्तक घेणे मला योग्य वाटते. साल १९७२, ओकायामाहून नव्याने सुरू झालेल्या शिन्कान्सेन या वेगवान रेल्वेने तोमोको नावाची मुलगी आशिया गावातील मावशीच्या मोठ्या घरी वर्षभर राहायला येते. दम्याने आजारी असलेली तिची मावसबहीण मीना शाळेत जाते ती पोचिको नावाच्या बुटक्या पाणघोड्याच्या पाठीवर बसून. येथेही कोणी आश्चर्य करत नाही, परंतु या वेळी त्या शांततेत आनंद आहे. मीना काड्यापेट्या जमवते आणि त्यांच्यावरील चित्रांवरून इवल्या गोष्टी रचते. म्युनिकचे ऑलिंपिक आणि जपानचा पुरुषांचा व्हॉलीबॉल संघ घरातील मुलींना कसा झपाटून टाकतो, आणि तेथील इस्रायली खेळाडूंच्या हत्याकांडाची बातमी जर्मन आजीच्या घरात कशी पोचते, हे प्रसंग लक्षपूर्वक वाचावेत. या कादंबरीला २००६ चा तानिझाकी पुरस्कार मिळाला.

९. मुराकामी वाचून येणाऱ्यांसाठी

जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी यांचे बालपणही आशिया गावाच्या परिसरातच गेले, पण तेवढ्यावरून दोघांना एका रांगेत बसवू नये. मुराकामींचा नायक सहसा विहिरीतून, जिन्यावरून किंवा स्वप्नातून दुसऱ्या जगात उतरतो. ओगावांची पात्रे कोठेच जात नाहीत. ती त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात राहतात आणि त्यांच्याभोवतीचे जग कमी होत जाते. संगीत, विनोद, प्रवास यांची अपेक्षा घेऊन आलेला वाचक येथे निराश होतो. गती कमी करून, खोलीतील वस्तूंकडे पाहत वाचले तर ही निराशा टळते.

१०. जपानी शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा मोठी आहे आणि एन-२ या जपानी भाषेच्या परीक्षेच्या तयारीला लागलेल्या अनेकांना मूळ कादंबरी वाचून पाहायची असते. त्यांनी प्राध्यापकाच्या कादंबरीची शिंचोशा प्रकाशनाची खिशात मावणारी जपानी आवृत्ती घ्यावी. वाक्ये लहान आहेत, प्रसंग घरातले आहेत आणि कठीण वाटणारे गणिती शब्द पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे एकदा शोधले की पुरतात. आधी इंग्रजीतून एक प्रकरण, मग तेच जपानीतून, असे केल्यास शब्दकोशाकडे धाव कमी होते. बेसबॉलच्या पानांवर मात्र अडखळणे ठरलेले आहे. तेथे इंग्रजी प्रत शेजारी उघडी ठेवून पुढे सरकावे. ‘द मेमरी पोलीस’ मूळ जपानीतून त्यानंतरच घ्यावे, कारण त्यातील वाक्ये तितकीच साधी असली तरी पुस्तक दीर्घ आहे.